‘पोट्टा फोनवर रडते जी’

मे महिन्यातल्या एका दुपारी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार नागपूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, पोट्टा फोनवर रडते जी. म्हणते, नाही होत माह्याच्यानं. त्याले सहन कर म्हणू, का घरी ये म्हणू?”

मुलगा अग्निवीर म्हणून भरती झालेला, परराज्यातल्या प्रशिक्षण केंद्रात पाचवा आठवडा. कामठीचं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र जवळ असल्यामुळे फौजी घरं मला नवी नाहीत, आणि हा प्रश्नही नवा नाही.

“तो नेमकं काय काय सांगतो?” मी विचारलं. पहाटे चारला उठणं, पीटी, उन्हातली परेड, जेवल्यावर वर्गात येणारी झोप, चूक झाली की रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, उस्तादांचं, म्हणजे प्रशिक्षकांचं ओरडणं. आणि सगळ्यात शेवटी, सहज आठवल्यासारखं, “पायही दुखते म्हणे.”

बहुतेक गोष्टींबद्दल मी त्यांना धीर दिला. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. अपुरी झोप माणसाला रडवेलं करते, त्यात कमकुवतपणा नसतो. शिवाय भरतीसाठी पोरं गावच्या रस्त्यावर 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळायचा सराव करतात. केंद्रात मात्र बूट घालून, वजन घेऊन, रोज. तो फरक अंगाला कळायला वेळ लागतो.

पाय मात्र मला खटकला. अचानक वाढलेल्या धावण्यानं हाडाची झीज आधी होते, भर मागून पडते. त्या मधल्या आठवड्यांत नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. दोन्ही पोटऱ्या भरून येणं वेगळं आणि एकाच जागी बोट ठेवून ‘इथं’ म्हणता येणं वेगळं. मी डॉक्टर नाही, पण एवढं विचारायला डॉक्टर लागत नाही.

“त्यानं केंद्रात सांगितलं का?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “मीच म्हटलं होतं, गावानं फ्लेक्स लावला, नाक कापू नको.”

आपल्याकडे फौजेत जायची सक्ती नाही. मुलगा स्वतःहून, वाजतगाजत गेलेला असतो, म्हणून दुखणं सांगणं त्याला हार वाटते. वर भीती, की सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, तर मागच्या बॅचला टाकतील. माझ्यासमोर बसलेला बाप त्या भीतीत नकळत भर घालत होता. ते त्यांना उमगलं तेव्हा डोळ्यांना रुमाल लागला. मी घाई केली नाही.

मग आम्ही एकच वाक्य घोटलं. रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी ते तसंच म्हटलं, “बाबू, बॅच मांगं गेली तरी चालते, उद्या सकाळी एमआय रूमले जा.” एमआय रूम म्हणजे केंद्रातली तपासणीची खोली.

डाव्या नडगीवर एकच जागा, रात्रीही ठणकणारी, बारा दिवस लपवलेली. तपासणीत तडा निघाला. काही आठवडे विश्रांती, आणि मग खरोखरच मागची बॅच.

पावसाळ्यात ते पुन्हा आले. “आता रडत नाही ना?” मी विचारलं.

“रडते ना जी, कधीमधी. पण पायाचं पह्यले सांगते.”