भोवळ उन्हाची की फवाऱ्याची?

प्रश्न : कपाशी डोक्याएवढी झाली आहे. मागच्या आठवड्यात बॅटरी पंपानं दिवसभरात १२ पंप (टाक्या) मारले. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधं आणि एक टॉनिक एकत्र केलं होतं. संध्याकाळी मळमळ, भोवळ, डोळ्यांपुढं अंधारी. रात्री झोपल्यावर बरं वाटलं. ऊन लागलं असेल का? आणि एवढं मारूनही पांढरी माशी वाढलीच. आता कोणतं जोरदार औषध घ्यावं?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, उन्हानंही भोवळ येते, पण १२ पंप मारून झाल्यावर आली असेल तर आधी विषबाधेचाच संशय घ्यायचा. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षीही कपाशी अशीच उंच होती. पीक कमरेइतकं असतं तेव्हा फवारा खाली पडतो. डोक्याएवढ्या पिकात नोझल वर धरावं लागतं आणि तोच फवारा तोंडावर, मानेवर, छातीवर उतरतो. ओला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो आणि कातडीतून विष आत जातं. त्यात मध्येच त्याच हातानं खर्रा (तंबाखू-सुपारी) मळून तोंडात टाकला, तर आणखी सोपं.

तुम्ही आज बरे आहात म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं (मी ‘विष’ म्हणतो, दुकानात मात्र ‘औषध’च म्हणतात) नसांच्या कामात अडथळा आणतात. पहिल्या बाधेतून शरीर पुरतं सावरायला बरेच दिवस लागतात, तोवर दुसरी बाधा जड जाते. तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, अंधुक दिसू लागलं किंवा अंग फडफडू लागलं, तर कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. डबा किंवा लेबल बरोबर न्या, कारण या गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक विषावर ते चालत नाही. दोन-तीन औषधांचं मिश्रण असलं की डॉक्टरही चाचपडतात.

ड्रममध्ये पाणी भरून देणाऱ्या आणि ते कपडे धुणाऱ्या घरच्या बाईचं काय, हे तुमच्या पत्रात नाही. तिलाही विचारा. पंप नाल्यात खंगाळता का? मासे त्यानंच मरतात, आणि त्याच पाण्यावर पुढं बैल जातात.

आता पांढरी माशी. जोरदार औषध मारूनच ती वाढली, असं माझं मत आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) वारंवार मारलं की तिला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकिडीच्या अळ्या आधी मरतात. माशी पानाखाली बसते, वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. शेतात तिरपं चालत २० झाडं पाहा, प्रत्येकाची तीन पानं उलटा. पानामागे ८-१० माश्या नसतील तर फवारूच नका. पिवळे चिकट सापळे लावा. ५ टक्के निंबोळी अर्क करायचा तर ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा आणि पाणी घालून १०० लिटर करा. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा टाका. वास येतो, त्याला इलाज नाही.

गुलाबी बोंडअळीचा प्रश्न पुढं येईलच. अळी बोंडात शिरली की वरचा फवारा वाया जातो, म्हणून एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) आत्ताच लावा. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ-आठ पतंग सापडले, तर मला कळवा.

तोवर कीटकनाशकाचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. त्या दोन डब्यांची लेबलं घेऊन कार्यालयात या, विष किती जहाल ते सांगणाऱ्या लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग लाल आहे की पिवळा तेही बघू. टॉनिकची बाटलीही आणा.