वाचकांचे प्रश्न : ‘ग्रंथच नाही, मग अभ्यास कशाचा?’

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘आफ्रिकेचा पारंपरिक धर्म आणि आजचा समाज’ हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, धर्मग्रंथच नाही तर अभ्यासणार काय? आणि तिथले बहुतेक लोक आता ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत, मग या धर्माला आज स्थान तरी काय उरलं? विषय बदलू का?

उत्तर : विषय बदलू नका, आधी शीर्षक छाटा. एवढा मोठा खंड एका लघुप्रबंधात मावत नाही. केनियाच्या जॉन एमबिती यांनी १९६९मध्ये सगळ्या आफ्रिकेच्या धर्मविचाराची एकत्र मांडणी केली. तिच्यामुळे या विषयाला विद्यापीठांत मान मिळाला, हे खरंच. पण युगांडाचे ओकोट प’बिटेक त्यांच्यावर तुटून पडले. सर्वशक्तिमान, सर्वव्यापी असे चर्चमधले गुण तुम्ही आमच्या दैवतांना चिकटवताय, असा त्यांचा आक्षेप. एमबिती स्वतः पाद्री होते, तेव्हा आरोप झोंबला असणार. मला प’बिटेक जास्त पटतात. तुम्ही दोघांनाही वाचा, एकापाठोपाठ एक.

आता ग्रंथाचं. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांची इफा ही कौल लावण्याची पद्धत घ्या. कौल लावणारा तो बाबालावो. आलेला माणूस त्याला प्रश्न सांगतही नाही, नाण्याशी कुजबुजतो आणि नाणं समोर ठेवतो. बाबालावोच्या तळहातावर ताडाच्या सोळा बिया असतात. दुसऱ्या हाताने त्या झपकन उचलायच्या. मागे एक बी राहिली तर पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन राहिल्या तर एक. बाकी काही झालं तर परत उचला. अशा आठ खुणा झाल्या की एक आकृती पुरी होते. आकृत्या एकूण २५६, आणि प्रत्येकीची पदं बाबालावोला तोंडपाठ असतात. तो म्हणत जातो आणि आपल्या अडचणीला लागू पडणारं पद ऐकणारा स्वतः ओळखतो. हे पाठांतर वर्षानुवर्षं गुरूकडे राहून होतं. ही पदं म्हणजेच ग्रंथ, फक्त तोंडी. नायजेरियातल्या इफे शहराच्या विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वांदे अबिम्बोला स्वतः बाबालावो आहेत. हे मार्गदर्शकांना जरूर सांगा.

स्थानाचं म्हणाल तर जनगणनेच्या रकान्यावर विसंबू नका. त्यात एकच धर्म लिहिता येतो, माणूस मात्र रविवारी चर्चला जाऊन आजारपणात पूर्वजांनाही विचारतो. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टांझानिया, माली, सेनेगल आणि दक्षिण आफ्रिकेत निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं, की पूर्वजांना किंवा आत्म्यांना बळी दिल्याने संकटापासून रक्षण होतं. माली-सेनेगल मुस्लिमबहुल आहेत, हे विसरू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये वोदून या तिथल्या पारंपरिक धर्माची जानेवारीत राष्ट्रीय सुट्टी असते. दक्षिण आफ्रिकेत पारंपरिक वैद्यांसाठी २००७चा कायदा आहे.

सगळं गोडगोड मात्र लिहू नका. २०२०मध्ये उत्तर घानात नव्वदीच्या एका बाईंना चेटकीण ठरवून लोकांदेखत मारहाण करून ठार केलं. तो भाग गाळलात तर प्रबंध नुसता गौरवग्रंथ होईल. पण सगळं खापर जुन्या धर्मावरही फोडू नका, चेटकाची भीती काही नवी चर्चही पोसतात.

माझं ऐकाल तर इसेसे दिन घ्या. योरुबांच्या पारंपरिक धर्माचा हा दिवस, २० ऑगस्टचा. नायजेरियातल्या काही राज्यांत त्याची सरकारी सुट्टी असते, आणि २०२३मध्ये इलोरिन शहरात तोच सण साजरा करायला मुस्लिम गटांनी विरोध केला. दोन्ही बाजूंना योरुबा लोक होते. त्या सुमाराची नायजेरियन वृत्तपत्रं इंटरनेटवर मिळतील. ती चाळून प्रबंधाच्या प्रकरणांची यादी करा आणि मला पाठवा.