नागपुरातून रेसिंग टीम काढण्याआधी

प्रिय मित्रा,
सस्नेह नमस्कार.

तुझं बजेट वाचलं. गाडी, इंजिन, ड्रायव्हर सगळं नीट मांडलंयस; पण कोणता पैसा कोणत्या तारखेला येणार आणि कोणता कधी जाणार, तो रकानाच नाही. टीम बुडते ती तिथेच. फोर्स इंडिया ही टीम 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं फॉर्म्युला वनमध्ये चौथी आली आणि जुलै 2018 मध्ये देणी थकून प्रशासकाच्या ताब्यात गेली. गाडी तेव्हाही चांगलीच पळत होती. नव्या मालकांनी टीम घेतली, तेव्हा हंगामात तोवर कमावलेले 59 गुणही गेले.

आपल्याकडे टायर, एंट्री फी, डिझेल, लॉज यांचे पैसे आधी मोजावे लागतात. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला प्रायोजक मात्र बिल दिल्यावर 60-90 दिवसांनी देतो, तेही टीडीएस कापून. म्हणून निम्मी रक्कम सही करताना आणि उरलेली पहिल्या फेरीच्या 15 दिवस आधी, असं करारातच लिहून घे. तो का-कू करू लागला तर लोगो लहान कर. उधारीवर मोठा लावू नकोस.

आणि नुसत्या लोगोवर त्याला प्रायोजकत्व विकायला जाऊ नकोस. त्याचं गिऱ्हाईक चेन्नईला शर्यत बघायला जात नाही. त्याच्या डीलर मीटला गाडी उभी करायची, आयटीआयच्या पोरांना ती उघडून दाखवायची, फेरी संपल्यावर आठवड्याच्या आत फोटो आणि हिशेब पाठवायचा, असं काही ठोस दे. मे महिन्यात मात्र गाडी उघड्यावर ठेवायचं कबूल करू नकोस. 45 अंशांत माणसं सावली सोडून येत नाहीत.

चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट असो की कोइमतूरचा कारी ट्रॅक, नागपूरहून अंतर एका बाजूला हजार किलोमीटरच्या वर जातं. हंगामभर गाडी तिकडच्याच गॅरेजात ठेव. विशबोन, टाय रॉड, रिम अशा धडकेत वाकणाऱ्या भागांसाठी एकूण खर्चाच्या 20 टक्के वेगळे काढ. पहिल्या दोन फेऱ्या विनाअपघात गेल्या की त्या पैशांतून नवे डॅम्पर (गाडीचे झटके शोषणारे भाग) घ्यायचा मोह होतो. तिसऱ्या फेरीत कुणीतरी मागून धडकतं आणि गाडी घरी बसते.

आता माणसं. 2020 च्या फॉर्म्युला वनमधल्या साखीर शर्यतीत मर्सिडीजने दोन्ही गाड्या टायर बदलायला एकापाठोपाठ पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत) बोलावल्या. रेडिओवरचा निरोप टायरवाल्या काही जणांपर्यंत पोचला नाही आणि रसेल या ड्रायव्हरच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर बोटास याचे पुढचे टायर लागले. त्याला लगेच परत यावं लागलं, हातातली आघाडी गेली, वर 20,000 युरो दंड. इतक्या सरावलेल्या टीमचं असं होतं, तर तुझे चार मेकॅनिक काय! ड्रायव्हरशी एकानेच बोलायचं. प्रत्येक सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायची. म्हटली नाही तर ती दिलीच नाही असं धरायचं. चाकाचा नट एकाने आवळायचा, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) दुसऱ्याने तपासून सही करायची. सेशन (सराव किंवा शर्यत) चालू असताना तू स्वतः पाना हातात धरायचा नाहीस. एका नटावर वाकलास की बाकी गाडीकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

सेशननंतर गाडीत नोंदलेला डेटा उघडण्याआधी 20 मिनिटं ड्रायव्हरला बोलू दे. आधी ग्राफ दाखवलास तर तो गाडीबद्दल नाही, ग्राफबद्दल बोलतो.

दुसऱ्या गाडीची सीट पैसे भरणाऱ्या ड्रायव्हरला भाड्याने द्यायचा विचार बरा आहे. त्या मुलाला मेकॅनिक आणि टायर किती मिळणार, हे मात्र आधीच कागदावर घे; पुढे त्याचे वडील पिटमध्ये येऊन विचारतात.

तारखांच्या रकान्यासह तक्ता परत पाठव.