हरल्यावर लगेच इंजिन कशाला?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, बुद्धिबळात फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग 1780. ग्रँडमास्टर व्हावा म्हणून शाळा सोडवून ओपन स्कूलला घालायचा विचार आहे. पण इंग्लंडच्या टोनी माइल्सने जगज्जेत्या अनातोली कार्पोव्हला हरवलेला डाव पाहिल्यापासून तो काळ्या मोहऱ्यांनी पहिल्याच खेळीत हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवतो. मी म्हणतो, कार्पोव्ह गाफील राहिला म्हणून माइल्स जिंकला. कोचही वैतागलेत. स्पर्धेला मी सोबत असतोच. हरला की परतताना रिक्षातच मोबाइलवर इंजिन (डाव तपासणारा प्रोग्राम) लावून चुका दाखवतो. आताशा तो बोलतही नाही. कसं समजवावं?
– एक वडील, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तुमच्या पत्रात मला खटकली ती रिक्षा. चार-चार तास पटावर बसून हरलेल्या पोराला घरी पोचेपर्यंतही तुम्ही दम खाऊ देत नाही. तो बोलत नाही, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ती धोक्याची खूण वाटते. शाळा सोडायला तो तयार आहे का, याबद्दल तर पत्रात एक ओळही नाही.

'कार्पोव्ह गाफील राहिला म्हणून माइल्स जिंकला' असं तुम्ही म्हणता. हे साफ चूक आहे. 1980 साली स्वीडनमधल्या स्कारा इथे माइल्सने ही खेळी केली, तेव्हा समोर विद्यमान जगज्जेता होता. पण माइल्सही 1974 चा ज्युनिअर विश्वविजेता आणि 1976 पासून ग्रँडमास्टर होता. प्याद्याच्या एका खेळीने डाव जिंकला जात नाही. तिने फक्त कार्पोव्हला पाठ केलेल्या वाटेवरून खाली उतरवलं. पुढचा सगळा डाव माइल्सला स्वतःच्या ताकदीवर खेळावा लागला. मुलाला सांगायचं असेल तर हे सांगा : ती खेळी खुशाल खेळ, पण मधला डाव आणि एंडगेम पक्के कर. खेळीवर बंदी घातलीत, तर त्याचं डोकं चालायचं थांबेल.

शाळेबद्दल डेन्मार्कच्या बेंट लार्सनचं उदाहरण घ्या. तोही आडवाटेने खेळणारा. कोपनहेगनला इंजिनिअरिंग शिकत होता. 1956 च्या मॉस्को ऑलिंपियाडमध्ये पहिल्या पटावर सुवर्ण मिळवून ग्रँडमास्टर झाला आणि त्यानंतर त्याने शिक्षण सोडलं. आधी किताब, मग निर्णय, आणि तोही स्वतःचा. पुढे 1970 साली तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याने त्याला 17 खेळ्यांत हरवलं, तेही त्याच्या लाडक्या b3 ओपनिंगवर (घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून केलेली सुरुवात). तरी त्याने आपली पद्धत टाकली नाही.

ग्रँडमास्टरला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात. 1780 वरून ते अंतर मोठं आहे, अशक्य नाही. तेवढ्यासाठी बारावी सोडायची काहीच गरज नाही. जेईई, गुजकेट (गुजरातची प्रवेश परीक्षा) द्यायची की नाही, ते बारावीत ठरवता येईल.

पुढच्या दोन-तीन स्पर्धांना तुम्ही जाऊ नका. कोचबरोबर किंवा मित्रांबरोबर जाऊ दे. डावाबद्दल त्याने आपणहून विचारलं तरच बोला. शाळेचं काय करायचं, ते आधी त्याला विचारा आणि तोवर ओपन स्कूलचा फॉर्म भरू नका.