ऑटोलिस्पमधून ऑटोकॅडची आवृत्ती खात्रीने कशी ओळखावी?

एकाच ऑफिसात ऑटोकॅडच्या निरनिराळ्या आवृत्त्या असताना एकच लिस्प (ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प भाषेतला प्रोग्राम) सगळीकडे कशी चालवावी, असे आपण विचारले आहे. आवृत्ती सांगणारे 'ॲकॅडव्हर' हे सिस्टिम व्हेरिएबल गेटव्हार या फंक्शनने वाचायचे, हे आपल्याला ठाऊक असणारच. खरा प्रश्न त्या उत्तराचे पुढे काय करायचे हा आहे. ते उत्तर वर्ष सांगत नाही (2019 ला 23.0, 2020 ला 23.1, 2021 ला 24.0), शिवाय ती संख्या नसून मजकूर असतो आणि आकड्यामागे 'एस (एलएमएस टेक)' अशी शेपटी असते.

मी एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काम करत असताना टायटल ब्लॉकमधले रिव्हिजन क्रमांक ड्रॉइंग न उघडता बदलणारी एक लिस्प आम्ही वापरत असू. त्यासाठी ऑब्जेक्टडीबीएक्सचे (न उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये बदल करू देणाऱ्या सोयीचे) डॉक्युमेंट मागावे लागते आणि त्याच्या नावाच्या शेवटी मुख्य आवृत्तीचा आकडा जोडावा लागतो. आमच्या वरिष्ठांनी कॉन्डमध्ये (अटी एकेक तपासणाऱ्या रचनेत) प्रत्येक आवृत्तीचा अख्खा मजकूर लिहून त्याच्याशी तुलना केली होती. एटीओआय या फंक्शनने मजकुरातून मुख्य आकडा काढावा आणि आयटीओएने त्याचा पुन्हा मजकूर करून तो नावाला जोडावा, म्हणजे यादीच लागणार नाही, हे मी सांगितले होते. पण अनोळखी आवृत्तीवर प्रोग्राम थांबलेलाच बरा, यावर ते ठाम राहिले. पुढे 2021 बसवली गेली आणि ऐन सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी कमांड लाइनवर 'बॅड आर्ग्युमेंट टाइप: स्ट्रिंगपी निल' एवढेच उमटले. यादीत 24.0 नव्हते, त्यामुळे मजकूर जोडणाऱ्या स्ट्रकॅटच्या हाती निल, म्हणजे 'काहीच नाही', आले होते. ड्राफ्ट्समन मंडळींनी रात्री एकेक ड्रॉइंग उघडून क्रमांक बदलले. थांबायचेच असेल, तर कारण सांगून थांबावे. ज्याला लिस्प येत नाही त्याच्यापुढे असा संदेश टाकणे हा सरळ अन्याय आहे, असे माझे मत आजही आहे.

माझे तर म्हणणे असे की, शक्य तिथे आवृत्ती विचारूच नये, सोय आहे का ते विचारावे. ऑटोलिस्पमध्ये व्याख्या नसलेल्या नावाची किंमत निल असते, म्हणून 'कमांड-एस' हे फंक्शन आहे की नाही, हे साध्या इफने कळते. नसलेल्या सिस्टिम व्हेरिएबलसाठी गेटव्हारही निलच देते. 2021 आवृत्तीत आलेले 'लिस्पसिस' हे व्हेरिएबल असे तपासता येते.

ऑब्जेक्टडीबीएक्सच्या नावात मात्र आकडा टळत नाही, आणि मुख्य आकडा 16 पेक्षा कमी असलेल्या आवृत्त्यांत ते नाव आकड्याविनाच द्यावे लागते. मॅकवरच्या ऑटोकॅडमध्ये ॲक्टिव्हएक्स (ऑब्जेक्टडीबीएक्स ज्यावर चालते ती विंडोजची यंत्रणा) नाही, त्यामुळे आकडा जुळूनही हा मार्ग तिथे बंद आहे. डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा फाइल फॉरमॅट) फाइलच्या हेडरमधले 'ॲकॅडव्हर' याच नावाचे व्हेरिएबल फाइलचा फॉरमॅट सांगते, चालू प्रोग्रामची आवृत्ती नव्हे; 2018 पासून 2025 पर्यंतच्या आवृत्त्यांत तिथे 'एसी1032' हेच मूल्य दिसेल.