अमेरिकेत एमएस करताना वसतिगृहात रेसिडेंट असिस्टंटची नोकरी करावी का? पुढे उपयोग होतो का? मित्र म्हणतात, ते चहाडीचं काम आहे.

प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. 'चहाडी' हा शब्द गेली आठ वर्षं ऐकतोय, तोही एकाच माणसाच्या तोंडून.

आधी व्यवहाराचं उरकतो. हा आरए (रेसिडेंट असिस्टंट) वसतिगृहाचा, म्हणजे खोलीच्या बदल्यात एका मजल्यावरच्या मुलांकडे लक्ष ठेवणारा विद्यार्थी. प्राध्यापकाच्या हाताखालचा आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट, तो वेगळा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि ते सगळ्या नोकऱ्या मिळून. 'हातात पैसे कुठे मिळतात, फक्त खोली मिळते, मग ते तास कशाला धरायचे' असला हिशोब करू नका, ते तास धरले जातात. मी वसतिगृहाच्या 15 तासांच्या करारावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात एका प्राध्यापकांनी 20 तासांचं, फी माफ होणारं काम देऊ केलं. ते सोडावं लागलं, कारण वसतिगृहाचा करार वर्षाचा होता आणि मध्येच मोडला तर डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. फुकटच्या खोलीपेक्षा माफ झालेली फी कितीतरी मोठी असते. तेव्हा पैशाच्या गणितात मी आपटलो, हे आधीच कबूल करतो. एक बरं, ही नोकरी कॅम्पसवरची असल्याने ओपीटीचा (शिक्षणाशी संबंधित नोकरी करायला मिळणाऱ्या मुदतीचा) एक दिवसही खर्च होत नाही, आणि ऑफर लेटर मिळालं की सोशल सिक्युरिटी नंबरचा (पगार-करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाचा) मार्ग मोकळा होतो.

आता चहाडी.

मी ज्या इमारतीत होतो तिथे प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघर होतं. माझ्याच मजल्यावर माझा कॉलेजपासूनचा मित्र राहायचा. आम्ही एकाच विमानाने आलो होतो, माझ्या दोन बॅगांपैकी एकीत त्याच्या आईने दिलेला मसाला होता. त्याला रोज वरण लागायचं आणि वरणाला फोडणी लागायची. मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक डिटेक्टर कोकलायचा. त्यावर त्याने तोडगा काढला: अंघोळीच्या वेळी केसांवर घालतात ती प्लॅस्टिकची टोपी डिटेक्टरला घालून ठेवली.

मला ती पहिल्यांदा दिसली ऑक्टोबरमध्ये, त्याच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा. मी स्टुलावर चढून ती काढली, त्याला चार शिव्या घातल्या आणि वरण-भात जेवून आलो. कुठे काही लिहिलं नाही. खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं.

का, ते सांगतो. ऑगस्टमध्ये इमारती उघडण्याआधी आरएंचं ट्रेनिंग असतं. त्यातलं निम्मं मी झोपेत ऐकलं, पण एक गोष्ट डोक्यात बसली. न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठात 19 जानेवारी 2000 ला पहाटे बोलंड हॉल या वसतिगृहाला आग लागली. तीन मुलं गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. आधीच्या महिन्यांत तिथे खोटे अलार्म इतके वाजले होते की खरा वाजला तेव्हा कित्येक जण अंथरुणातून उठलेच नाहीत. त्यानंतर न्यू जर्सीने वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. त्यामुळे डिटेक्टर झाकणं आणि विनाकारण अलार्म वाजवणं, हे दोन गुन्हे आम्हाला एकाच पारड्यात शिकवले होते.

फेब्रुवारीत कोणीतरी रात्री अडीचला मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळलं. (माझा मित्र नव्हे, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.) सगळी इमारत बर्फात उभी, कोणी पायात चपला, कोणी नुसतं ब्लँकेट. मी माझ्या मजल्याची माणसं मोजत होतो आणि दोन कमी भरत होती. एक मुलगी कानात बोळे घालून झोपली होती. दुसरा माझा मित्र. तो वर जागाच होता. 'रोजचंच आहे रे' म्हणून खाली आला नव्हता. अग्निशमनवाल्यांनी त्याला खाली आणला तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला.

पुढच्या आठवड्यात ठरलेली सुरक्षा तपासणी होती. दोन आरए मिळून ती करायचे. त्याच्या फ्लॅटमध्ये गेलो तर टोपी पुन्हा डिटेक्टरवर. माझ्याबरोबरची मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट मीच लिहिला. पाच ओळी: तारीख, वेळ, खोली, काय दिसलं, काय केलं. 'बेजबाबदार', 'मुद्दाम' असे शब्द त्यात घालायचे नसतात, मीही घातले नाहीत. शिक्षा ठरवणंही आमच्या हातात नसतं, ते वरचे लोक बघतात. त्याला दंड झाला आणि अग्निसुरक्षेवर दोन पानी निबंध लिहावा लागला. त्याच रात्री आमच्या आठ जणांच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं.

त्याचं म्हणणं एकच: 'तू खोलीच्या भाड्यासाठी मला विकलंस.' मागच्या वर्षी त्याच्या लग्नात त्याने बायकोशी माझी ओळख करून दिली ती 'हा आमचा वॉर्डन' अशी. सगळे हसले, मीही हसलो. पण बाबा रे, चहाडी म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करून आपला फायदा करून घेणं. मला त्या रिपोर्टचे काय मिळाले? खोली तर न लिहिताही मिळतच होती! मी गप्प बसलो असतो तरच भाड्यासाठी विकल्यासारखं झालं असतं, कारण ते भाडं त्या मजल्यावरच्या छत्तीस जणांसाठी होतं, एकट्या तुझ्यासाठी नव्हतं. आणि ती कानात बोळे घातलेली मुलगी तुझ्याच भिंतीपलीकडे झोपायची.

असो. विषयावर येतो.

पुढे उपयोग होतो का? होतो, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. रेझ्युमेवर 'नेतृत्व' लिहिलेलं कोणी वाचत नाही. मुलाखतीत 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत' असं विचारलं की इतर मुलं कॉलेजच्या प्रोजेक्टची गोष्ट रचून सांगतात, मी ही टोपीची सांगितली. पहिली नोकरी लागली त्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी वीस मिनिटं यावरच घालवली, कोडिंगचा प्रश्न एकच विचारला.

आणि या 'नेतृत्व' शब्दाबद्दल माझं मत वाईट आहे. नेता तो, ज्याला मुलं निवडून देतात. ते हवं असेल तर हॉल कौन्सिलची निवडणूक लढवा, तिथे अधिकार थोडे आणि बैठका फार. आरए हा नोकर असतो. त्याला नेता म्हटलं की रात्रपाळीचे पैसे मागायला तो लाजतो, एवढाच त्या शब्दाचा फायदा, तोही देणाऱ्याला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवरच्या आरएंना हे 2002 मध्येच कळलं, त्यांनी मतदान करून युनियन केली, तीही वाहन कामगारांच्या संघटनेत जाऊन. वेस्लियन विद्यापीठाच्या आरएंनीही 2022 मध्ये युनियन केली.

काम तरी काय असतं? बहुतेक रात्री काहीच नाही. दारांवर नावाच्या पाट्या, नोटीस बोर्ड, किल्ली आत विसरलेल्यांना दार उघडून देणं. आणि मग एखाद्या रात्री कोणीतरी जिन्यात रडत बसलेलं सापडतं आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा विचार सोडून त्याच्याशेजारी बसावं लागतं. तेही 'कोणाला सांगू नकोस' असं वचन देता न येता, कारण काही गोष्टी वर कळवणं आरएला बंधनकारक असतं. माझ्या मित्रांना ही बाजू कधी दिसली नाही, आणि मलाही ती त्यांना सांगता येत नव्हती.

थोडं राहिलं. नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे. काही ठिकाणी ही नोकरी फक्त पदवीच्या मुलांना देतात. म्हणून आधी हाउसिंगवाल्यांना विचारा, आणि तासांचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. पहिल्या सत्रात बहुधा मिळणार नाही, कारण निवड आदल्या वर्षीच झालेली असते. प्राध्यापकाकडचं काम मिळण्याची आशा असेल तर तिकडचा निकाल लागेपर्यंत इकडे सही करू नका.

आणि झालातच आरए, तर पहिल्याच आठवड्यात, भांडण वगैरे काही नसताना, मित्रांना जेवायला बसवून सांगा की दिसलं तर मी लिहिणार. मी ते सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये टोपी काढून वर वरण-भात जेवून आलो, त्यावरून त्याने जो अर्थ काढायचा तो काढला. एवढं त्याचं म्हणणं बरोबर आहे.