पाड्याची लोकसंख्या कमी म्हणून रस्ता आणि एसटी नाकारतात, काय करावे?

तुम्ही लिहिलंय की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातला तुमचा पाडा सत्तर घरांचा आहे, डांबरी रस्ता तीन किलोमीटरवर आहे आणि दर वेळी ‘लोकसंख्या बसत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मग त्यांना आधी हे विचारा: कुणाची लोकसंख्या, गावाची की पाड्याची?

जनगणना महसुली गाव मोजते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना मात्र वस्ती, म्हणजे पाडा मोजते. खरा घोळ इथेच होतो. गावठाणापर्यंत रस्ता पोचला की कागदावर सगळं गाव ‘जोडलेलं’ ठरतं आणि त्याचे पाडे यादीतून गळतात. योजनेच्या चौथ्या टप्प्याला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्यात 2011च्या जनगणनेनुसार 500 लोकसंख्येची अट आहे, पण संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रात) ती 250 आहे. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तुम्हाला 500चा आकडा सांगत असतील तर ते चूक आहे. (सातारा-कोल्हापूरकडच्या बिगर-आदिवासी डोंगरी गावांना मात्र ही सूट नाही; डोंगरी राज्यांना ती आहे, पण महाराष्ट्र त्यांत मोडत नाही.) शिवाय जवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते: सपाटीवर 500 मीटरच्या आतल्या, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आतल्या.

जिल्ह्यातल्या या योजनेच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करून वस्त्यांच्या यादीची प्रत मागा. पाड्याचं नाव, त्यापुढचा आकडा आणि ‘जोडलेली/न जोडलेली’ हा शेरा, तिन्ही तपासा. चूक असेल तर ग्रामसभेचा ठराव करा आणि त्याला पाडानिहाय कुटुंबयादी, मतदारयादीतला तो भाग आणि अंगणवाडीची नोंद जोडा. द्राक्षाच्या हंगामात माणसं मजुरीला बाहेर जातात आणि घरं कुलूपबंद असतात. त्या वेळी कुणी मोजायला आलं तर आकडा हमखास कमी भरतो, म्हणून पाहणी पावसाळ्यात ठेवण्याची मागणी ठरावातच लिहा.

मंजुरीनंतर काम अडतं ते जागेवर. या योजनेत भूसंपादनाला पैसे नाहीत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची संमती आधीच घ्या, कारण एका हिस्सेदाराने हरकत घेतली तरी रस्ता तिथेच थांबतो. जंगलजमीन असेल तर वनहक्क कायदा 2006चं कलम 3(2) वापरा. त्याखाली रस्त्यासाठी वनजमीन मिळू शकते, अटी अशा: ग्रामसभेची शिफारस, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75पर्यंत झाडं. सहा मीटर रुंदी धरली तर एक हेक्टरात साधारण 1,660 मीटर रस्ता बसतो. तुमच्या तीन किलोमीटरपैकी वनातला भाग किती, ते नकाशावर आधीच मोजून घ्या.

एसटीचं गणित वेगळं. तिथे लोकसंख्या नाही, भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते, बघतात. म्हणून आगार व्यवस्थापकाकडे ‘गाडी सुरू करा’ असा मोघम अर्ज देऊ नका. शाळा-कॉलेजात जाणारी मुलं किती, शाळेची वेळ काय, बाजाराचा वार कोणता, वाटेतले पाडे कोणते, हे लिहा आणि शाळेचं पत्र जोडा. प्रवासी सवलतीचे आहेत हे नकाराचं कारण होऊ शकत नाही: महिलांची अर्धी आणि 75 वर्षांवरच्यांची पूर्ण तिकिटाची रक्कम शासन महामंडळाला देतं. पाचवी ते बारावीच्या मुलींचा पास मोफत असतो, त्यामुळे मुलींची यादी वेगळी द्या.

गाडी सोडण्याआधी महामंडळ रस्त्याची पाहणी करतं आणि बऱ्याच गावांचा अर्ज तिथेच पडतो. शेवटच्या थांब्यावर बस वळवायला जागा नसते, मोरी अरुंद असते, वीजतारा लोंबत असतात, फांद्या टपाला लागतात. ग्रामसडकेचा डांबरी पट्टा 3.75 मीटर, कमी वाहतूक असेल तर 3 मीटरच असतो. त्यावर बससमोर जीप आली की कुणाला तरी बाजूपट्टीवर उतरावं लागतं, आणि पावसात ती खचलेली असते. रस्ता झाल्यावर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराचीच असते. कामाच्या फलकावर पूर्णतेची तारीख पाहून ठेवा आणि बाजूपट्टी खचल्याची तक्रार मुदतीतच करा.